१,३९९ डॉलरचा पास आणि ‘जागा शिल्लक नाही’: डिस्नेलँडच्या वार्षिक पासचं प्रकरण

ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमच्या डिस्नेलँडने ‘मॅजिक की’ नावाचे चार नवे वार्षिक पास विक्रीला काढले. त्यातला सर्वात महाग ‘ड्रीम की’, किंमत १,३९९ डॉलर. या पासला वर्षातला एकही दिवस बंद नाही, हे त्याचं मुख्य आकर्षण होतं. नोव्हेंबरमध्ये एका पासधारक महिलेने ऑरेंज काउंटीच्या न्यायालयात दावा दाखल केला. पास असला तरी येण्याचा दिवस आधी बुक करावा लागे. त्या महिन्यातल्या शनिवार-रविवारचं बुकिंग तिला मिळत नव्हतं आणि त्याच तारखांची एक दिवसाची तिकिटं मात्र कंपनी विकत होती. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, कंपनी ९५ लाख डॉलर देऊन तडजोडीला तयार झाली.

या विषयावर गप्पा सुरू झाल्या की गाडी दरवाढीपाशी अडते. दरवाढ झाली, आणि चांगलीच झाली. पण दरवाढ निदान दरपत्रकात छापलेली असते. खिशात पास असून आत जायला मिळत नाही, हे कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही, आणि पासधारकांना जास्त महागात पडलं ते हेच.

एक आकडा सुरुवातीलाच पाहून ठेवावा. फेब्रुवारी २०२० मध्ये, कोविडच्या आधी, डिस्नेलँडचा बिनबंदीचा ‘सिग्नेचर प्लस’ पास १,४४९ डॉलरला होता. म्हणजे ड्रीम की कागदावर ५० डॉलरनी स्वस्त होती. तरी लोक चिडले.

आधी काय होतं

जुन्या पासचा नियम दोन ओळींचा होता. आपल्या पासवर तारीख बंद नसेल तर फाटकावर जायचं, पास दाखवायचा, आत शिरायचं. आधी कळवायची गरज नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन तास फिरून, आतषबाजी पाहून घरी येणारे पासधारक याच नियमावर जगत होते.

किमती तेव्हाही चढतच होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने ७७९ डॉलरचा प्रीमियम पास बंद करून त्याचे दोन तुकडे केले. नाताळच्या दिवसांत बंद असणारा ८४९ डॉलरचा आणि पूर्ण वर्षाचा १,०४९ डॉलरचा. वरचा पास काढून त्याच्या जागी थोडा महाग पण थोड्या कमी दिवसांचा पास ठेवायचा, ही चाल पुढे पुन्हा दिसते.

मे २०१९ मध्ये, ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग उघडण्याच्या तोंडावर, ५९९ डॉलरचा ‘फ्लेक्स’ पास आला. काही दिवस थेट प्रवेश, काही दिवस आरक्षण करून, काही दिवस बंद. एका वेळी दोनच आरक्षणं हातात ठेवायची, तीही पुढच्या ३० दिवसांतली. ९० दिवसांत तीनदा आरक्षण करून गेला नाहीत तर ३० दिवस नवं आरक्षण नाही. आरक्षणाची पद्धत कोविडने आणली असं सर्रास म्हटलं जातं, पण तिची रंगीत तालीम आधीच झालेली होती. फरक एवढाच की तेव्हा ते नको असेल तर दुसरे पास होते.

१४ मार्च २०२० पासून उद्यान बंद झालं. १४ जानेवारी २०२१ ला कंपनीने जुनी वार्षिक पास योजनाच गुंडाळली आणि न वापरलेल्या मुदतीचे पैसे परत करायला घेतले. ३० एप्रिल २०२१ ला उद्यान उघडलं तेव्हा राज्याच्या नियमाने क्षमता २५ टक्के, प्रवेश फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना. अशा वेळी प्रत्येक माणसाचं आरक्षण घेणं भागच होतं. १५ जूनला राज्याने मर्यादा उठवली. आरक्षण राहिलं ते राहिलंच.

पासवरची कुलुपं

मॅजिक कीवर एकावर एक चार अटी बसतात. त्या वेगवेगळ्या समजून घेतल्या नाहीत तर पास कुठे अडला तेच कळत नाही.

पहिली अट ब्लॉकआउटची, म्हणजे आधीच जाहीर केलेल्या बंद तारखांची. ड्रीमला एकही नव्हती. खालच्या ‘बिलीव्ह’, ‘एन्चांट’ आणि ‘इमॅजिन’ या पासांना उतरत्या क्रमाने जास्त. सर्वात स्वस्त ‘इमॅजिन’ फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळायचा आणि गर्दीचे दिवस व सणासुदीचा हंगाम त्याला बंद.

दुसरी अट कोट्याची, आणि सगळी मेख इथे आहे. उद्यानात एका दिवशी किती माणसं घ्यायची हे ठरल्यावर त्यातल्या जागा तिकीटवाले आणि पासवाले अशा वेगळ्या खात्यांत टाकल्या जातात. पासवाल्यांचं खातं भरलं की त्यांच्या कॅलेंडरवर तो दिवस राखाडी होतो. उद्यान भरलेलं नसतं, तिकीटवाल्यांच्या खात्यात जागा असते, ती १०४ ते १६४ डॉलरला (२०२१ चे दर) विकलीही जात असते. पासधारकाला मात्र उत्तर एकच: जागा शिल्लक नाही. या खात्यात रोज किती जागा टाकायच्या हे कंपनी ठरवते, आणि तो आकडा बाहेर सांगत नाही.

तिसरी अट एका वेळी हातात ठेवता येणाऱ्या आरक्षणांची. २०२१ मध्ये ड्रीम आणि बिलीव्हला सहा, एन्चांटला चार, इमॅजिनला दोन होती. ९० दिवसांपर्यंतचं बुकिंग करता येतं. इमॅजिनवाल्याने डिसेंबरमधले दोन दिवस ऑक्टोबरमध्येच धरून ठेवले तर त्यातला एक वापरेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत त्याला मधल्या दोन महिन्यांत कुठलाच दिवस घेता येत नाही. फाटकावर पास स्कॅन झाला की ती जागा मोकळी होते. म्हणून जुने जाणते आत पाऊल टाकल्या टाकल्या, पहिल्या रांगेत उभे असतानाच, पुढचा दिवस बुक करून टाकतात.

चौथी अट न जाण्याच्या दंडाची. आरक्षण रद्द करायचं तर आदल्या रात्री ११:५९ पर्यंत. सकाळी मुलाला ताप आला म्हणून रद्द केलं तरी ती गैरहजेरीच. ९० दिवसांत अशा तीन गैरहजेऱ्या झाल्या की ३० दिवस नवं बुकिंग बंद. हातात असलेली आरक्षणं तेवढी टिकतात.

या अटी एकमेकींना कशा आवळतात ते बघण्यासारखं आहे. कोटा तुटपुंजा म्हणून लोक शक्य तितक्या लवकर दिवस धरून ठेवतात. धरलेले दिवस पुढे जमत नाहीत. दंड टाळायला ते आदल्या रात्री सोडून देतात. परिणामी महिनाभर राखाडी असलेला शनिवार शुक्रवारी रात्री दहानंतर अचानक उघडतो. ज्याला खरोखर जायचं आहे त्याने आठवडाभर दिवसातून चार वेळा अॅप उघडून बसायचं. यात चूक पासधारकांची म्हणता येणार नाही. दुर्मीळ गोष्ट फुकट अडवून ठेवता येत असेल तर ती अडवलीच जाणार.

कुटुंबात ही गाठ आणखी घट्ट होते. आरक्षण प्रत्येक पासचं स्वतंत्र असतं. चौघांपैकी एकाचा पास खालच्या श्रेणीचा असेल तर सगळ्या कुटुंबाचं कॅलेंडर त्या एका पासएवढंच होतं.

दावा कशावर उभा होता

डिस्नेची बाजू कागदावर कमकुवत नव्हती. आरक्षण लागेल, ते उपलब्धतेवर अवलंबून राहील, हे अटींमध्ये लिहिलेलं होतं. ब्लॉकआउट म्हणजे आधी जाहीर केलेली बंद तारीख, आणि तशी एकही तारीख ड्रीमला नव्हती. शब्दशः पाहिलं तर खरंच.

फिर्यादीचं म्हणणं असं की सामान्य ग्राहक ‘उपलब्धता’ म्हणजे उद्यानातली जागा समजतो. उद्यान भरलं तर कुणालाच प्रवेश नाही, हे त्याला मान्य आहे. पण तिकीटवाल्याला जागा आहे आणि मला नाही, याचा अर्थ तो दिवस माझ्यापुरता बंद केलेला आहे. फक्त जाहीर न करता. दाव्यात करारभंगाबरोबर कॅलिफोर्नियाच्या ग्राहक संरक्षण कायद्याचाही आधार घेतला होता. प्रकरण पुढे फेडरल न्यायालयात गेलं आणि सर्व ड्रीम की खरेदीदारांच्या वतीने सामूहिक दावा म्हणून चाललं.

या मांडणीतली चतुराई अशी की, महागडा पास होता म्हणूनच दावा उभा राहू शकला. इमॅजिनवाल्याला तेच दुःख कितीतरी जास्त होतं, पण त्याला कुणी ‘एकही दिवस बंद नाही’ असं वचन दिलेलंच नव्हतं.

तडजोडीचे आकडे बोलके आहेत. खरेदीदार १,०३,४३५. प्रत्येकी १,३९९ डॉलर धरले तर विक्री साधारण १४.४७ कोटी डॉलरची. तडजोड ९५ लाखांची, म्हणजे विक्रीच्या साडेसहा टक्के. वकिलांची फी आणि खर्च वजा जाता माणशी अंदाजे ६७.४१ डॉलर, म्हणजे पासच्या किमतीच्या पाच टक्क्यांहूनही कमी. कंपनीने चूक कबूल केली नाही. आणि तडजोड झाल्यामुळे मूळ प्रश्नावर, म्हणजे दोन खाती ठेवून पासवाल्याला अडवणं हा करारभंग आहे की नाही यावर, न्यायालयाचा निकाल आलाच नाही. ‘पासधारक केस जिंकले’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नियम जिथे होता तिथेच आहे.

कंपनीने बदललं ते वचन. ऑगस्ट २०२२ मध्ये ड्रीम की बंद झाली. तिच्या जागी ‘इन्स्पायर की’ आली, १,५९९ डॉलरला, आणि तिला २१ डिसेंबर ते १ जानेवारी बंद. २०१५ चीच चाल, फक्त या वेळी पूर्ण वर्षाचा दुसरा पर्याय ठेवला नाही. ज्या बारा दिवसांत शाळांना सुट्टी असते, तेच बारा दिवस आता डिस्नेलँडच्या सर्वात महाग पासवर नाहीत.

दर कुणाचे जास्त वाढले

डॉलरमध्ये, इमॅजिन, एन्चांट, बिलीव्ह आणि सर्वात वरचा या क्रमाने:

ऑगस्ट २०२१: ३९९, ६४९, ९४९, १,३९९
ऑगस्ट २०२२: ४४९, ६९९, १,०९९, १,५९९
ऑक्टोबर २०२३: ४९९, ८४९, १,२४९, १,६४९
ऑक्टोबर २०२४: ५९९, ९७४, १,३७४, १,७४९

मथळ्यांत नेहमी सर्वात महाग पासचा आकडा झळकतो. टक्क्यांत मात्र तीन वर्षांत तोच सर्वात कमी वाढला, २५ टक्के. बिलीव्ह सुमारे ४५ टक्के. एन्चांट आणि इमॅजिन प्रत्येकी ५० टक्के. सर्वात कमी दिवस आणि सर्वात कमी आरक्षणं ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्याच खिशाला सर्वात मोठी कात्री.

याच्या शेजारी तिकिटाचे दर ठेवले की चित्र पुरं होतं. गर्दीच्या दिवसाचं एक दिवसाचं तिकीट ऑक्टोबर २०२१ मधल्या १६४ वरून ऑक्टोबर २०२४ मध्ये २०६ झालं. सर्वात कमी गर्दीच्या दिवसाचं तिकीट २०१९ पासून १०४ वरच आहे. इमॅजिनवाला जातो तो बहुतेक कमी गर्दीच्याच दिवशी. म्हणजे त्याच्या पासची तुलना १०४ शी व्हायला हवी. २०२१ मध्ये ३९९ वसूल व्हायला चार फेऱ्या पुरायच्या. २०२४ मध्ये ५९९ ला सहा लागतात. पासवर एकाच दिवशी दोन्ही उद्यानं (डिस्नेलँड आणि समोरचं कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर) पाहता येतात आणि १०४ च्या तिकिटावर एकच, हे पासच्या बाजूने धरायला हवं. पण शाळेतून आलेल्या मुलांना घेऊन चार तासांसाठी जाणारं घर दुसऱ्या उद्यानात जातंच कुठे?

२०२४ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सोमवार ते गुरुवारचं तीन दिवसांचं तिकीट २२५ डॉलरला मिळत होतं, दिवसाला ७५. त्या हिशेबाने ५९९ वसूल व्हायला आठ फेऱ्या. कंपनी खालच्या पासवाल्याला हळूच अशा तिकिटांकडे ढकलते आहे, असंच यावरून वाटतं.

कारण लपवलेलं नाही. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या आर्थिक निकालात तिकिटामागच्या उत्पन्नाबद्दल बोलताना डिस्नेलँडमधल्या गर्दीचं मिश्रण ‘प्रतिकूल’ असल्याचं नोंदवलं. सरळ मराठीत, पासवाले जास्त येतात, तिकीटवाले कमी. पासधारकांनी ‘प्रतिकूल’ हा किताब टी-शर्टवर छापून मिरवला. कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर गणित समजतं: जागा ठरावीक, तिकीटवाला एका दिवसाचे दीडशे डॉलर देतो आणि दिवसभर खातो-पितो, वीस फेऱ्या मारणारा पासवाला फेरीमागे सत्तर-ऐंशी देतो आणि घरून डबा आणतो. राग या गणिताचा नाही. पैसे आधी घेऊन, गणित नंतर लावल्याचा आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये परत आलेले कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी पुढच्या वर्षी मान्य केलं की नफ्याच्या मागे लागून काही किमती जरा जास्तच वाढवल्या गेल्या असाव्यात. जानेवारी २०२३ मध्ये १०४ च्या तिकिटाचे दिवस वाढवले, दुसऱ्या उद्यानात जाण्याची वेळ दुपारी एकवरून सकाळी अकरावर आणायचं जाहीर केलं. कंपनीच्या फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये एप्रिल २०२३ पासून पासधारकांना दुपारी दोननंतर आरक्षणाशिवाय सोडायला सुरुवात झाली, अपवाद तिथल्या मॅजिक किंगडम या उद्यानाच्या शनिवार-रविवारचा. अॅनाहाइममध्ये आरक्षण कायम राहिलं, आणि ऑक्टोबरमध्ये दर पुन्हा चढले.

घ्यायचाच असेल तर

अर्व्हाइन किंवा लॉस एंजेलिसच्या आसपासच्या मराठी घरांत हा हिशेब दरवर्षी होतो. त्यात नेहमी चुकणाऱ्या जागा या.

पास घेण्याआधी पासधारकांचं आरक्षण कॅलेंडर पाहावं. ते पास नसतानाही साइटवर, पासच्या श्रेणीनुसार दिसतं. ब्लॉकआउट कॅलेंडर फक्त बंद तारखा दाखवतं, हे कॅलेंडर कोटा दाखवतं. तीन-चार आठवडे रोज एकदा बघितलं की शनिवार किती दिवस आधी राखाडी होतात आणि परत कधी उघडतात याचा अंदाज येतो. आपल्याला फक्त शनिवारीच जमत असेल आणि ते तीन आठवडे आधी भरत असतील, तर फेऱ्यांचा अंदाज निम्मा करून मगच भागाकार करावा.

लहान मुलांचा पास स्वस्त नसतो. एक दिवसाच्या तिकिटात ३ ते ९ वयाला थोडी सवलत असते, पासमध्ये तिसऱ्या वर्षापासून मोठ्यांचाच दर. २०२४ च्या दराने चौघांचे चार इमॅजिन २,३९६ डॉलर. मूल तीन वर्षांचं व्हायला चार महिने असतील तर त्याचा पास आत्ता घेऊ नये, तोवर प्रवेश फुकटच आहे.

पार्किंगचा विचार माणशी नाही, गाडीमागे करावा. ते २०२३ च्या ऑक्टोबरपासून दिवसाला ३५ डॉलर होतं, खालचा हिशेब २०२४ च्या दरांचा आहे. इन्स्पायरमध्ये पार्किंग धरलेलं, बिलीव्हला निम्मं. घरात एकच इन्स्पायर आणि बाकी बिलीव्ह असं घेणारे बरेच असतात. दोन्हींतला फरक तेव्हा ३७५ डॉलर, फेरीमागे पार्किंगची जास्तीची बचत साडेसतरा. नुसत्या पार्किंगवर तो फरक भरून यायला २२ फेऱ्या लागतात. सगळ्यांच्या जेवणाचं बिल इन्स्पायरवाल्यानेच भरलं तर १० ऐवजी १५ टक्के सूट मिळते. दर फेरीला शंभर डॉलरचं खाणं धरलं तर आणखी पाच वाचतात आणि आकडा १७ वर येतो. बिलीव्हला बंद असलेल्या दिवशी जायचंच नसेल आणि वर्षाला १७ फेऱ्या होणार नसतील, तर या हिशेबाने इन्स्पायर घेण्यात अर्थ नव्हता.

आरक्षणात दिवसाबरोबर उद्यानही निवडावं लागतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया अॅडव्हेंचरचं बुकिंग करून सकाळी नऊला डिस्नेलँडच्या फाटकावर गेलं तर अकरापर्यंत बाहेर थांबावं लागायचं. दोन्ही फाटकं समोरासमोर असल्याने ही चूक फार व्हायची.

पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले म्हणून आपला पास त्यांना देता येत नाही. पासवर फोटो असतो, तो दुसऱ्याला चालत नाही. आपलं आरक्षण आणि त्यांचं तिकीट एकाच दिवसाचं जुळवायचं तर आधी आपल्या पासचा दिवस पक्का करावा, मग त्यांची तिकिटं काढावीत. उलटं केलं तर तिकीट हातात आणि पासवाले बाहेर, अशी वेळ येते.

आधी तिकीट काढून, आवडलं तर त्याची किंमत पासमध्ये वळती करता येते. मात्र तिकिटाचा शेवटचा दिवस संपायच्या आत, आणि त्या दिवशी पासची विक्री सुरू असेल तरच. कंपनी पासची विक्री अधूनमधून थांबवते. २०२१ मध्ये ड्रीमची विक्री दोन महिन्यांत बंद झाली होती. वळतं करण्याच्या भरवशावर महागडं तिकीट घेण्याआधी विक्री चालू आहे का ते त्याच दिवशी पाहावं.

राहिला मासिक हप्ता. तो फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळतो. २०२१ मध्ये १७९ डॉलर आधी आणि उरलेले बारा हप्त्यांत, बिनव्याजी, त्यामुळे इमॅजिन महिन्याला १९ डॉलरला पडतो असं दिसायचं. पण हे वर्गणीसारखं मधेच बंद करता येणारं काम नाही, पूर्ण वर्षाचा करार आहे. चौथ्या महिन्यात कॅलेंडर राखाडी झालं, तरी उरलेले आठ हप्ते खात्यातून जातच राहतात.